पहिल्या फोनवर सांगितलेला आकडा जॉइनिंगपर्यंत सोबत येतो

फोन बहुतेक वेळा कामाच्या वेळेतच येतो. शेजारी टीम लीड बसलेला असतो आणि पलीकडून रिक्रूटर विचारते, "आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?" आपण घाईत हो म्हणतो, जिन्याकडे जाता जाता उत्तरं देतो आणि फोन ठेवल्यावर काय सांगितलं ते विसरूनही जातो. तिच्याकडे मात्र ते सगळं एक्सेलच्या एका ओळीत बसलेलं असतं: एकूण अनुभव, त्यातला या कामाचा अनुभव, सध्याचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती, अपेक्षा, नोटीस पिरियड, लास्ट वर्किंग डे ठरलाय का, हातात दुसरी ऑफर आहे का, कुठल्या ऑफिसला येऊ शकता, नोकरी का बदलायची आहे. ही ओळ पुढे मुलाखत घेणाऱ्या पॅनेलकडे जाते, मग एचआरकडे, मग पगार मंजूर करणाऱ्याकडे, आणि शेवटी तुमच्या कागदांशी ताडून पाहिली जाते. मुलाखतीत काय विचारतील याची तयारी सगळेच करतात. या ओळीची तयारी फार थोडे करतात, आणि जवळजवळ हातात आलेली ऑफर निसटते ती पुष्कळदा यातल्याच एखाद्या न जुळणाऱ्या रकान्यामुळे.

इथे जे लिहिलंय ते पुण्यातल्या आयटी कंपन्यांबद्दल आहे, म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे या पट्ट्यातल्या. तेही लॅटरल, म्हणजे दुसऱ्या कंपनीतून येणाऱ्यांच्या भरतीबद्दल, दोन ते आठ वर्षं अनुभव असलेल्यांसाठी. ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमध्ये पद्धत फारशी वेगळी नाही. कॅम्पसमधून लागणाऱ्या फ्रेशर्सची गोष्ट वेगळी, तिथे पगार आधीच ठरलेला असतो आणि खरी चाळणी ऑनलाइन परीक्षेत लागते.

फोन चुकीच्या वेळी आला तर सरळ सांगा, "मी मीटिंगमध्ये आहे, साडेसहानंतर बोलू या का?" एवढ्यावरून कोणी नाव खोडत नाही. तोपर्यंत एका कागदावर आकडे लिहून काढा. सध्याचा सीटीसी शेवटच्या इन्क्रिमेंट लेटरमध्ये जो छापलाय तोच सांगायचा. ६ लाख ८० हजार असेल तर "साधारण आठ" म्हणू नका, कारण पुढे तेच लेटर आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या जाणार आहेत. इन्क्रिमेंट पुढच्या महिन्यात होणार असेल तर ते वेगळं वाक्य म्हणून सांगा, आजच्या आकड्यात मिसळू नका. अपेक्षेचा आकडा एकच द्यावा. "नऊ ते अकरा" म्हटलं की समोरच्या रकान्यात नऊ लिहिलं जातं.

नोटीस पिरियड अपॉइंटमेंट लेटरमध्ये असेल तेवढाच सांगा. मोठ्या सेवा कंपन्यांत तो बहुधा ९० दिवसांचा असतो. "बायआउटने (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून) ४५ दिवसांत येऊ शकेन" असं सांगायचं असेल तर आधी आपल्याच कंपनीचं धोरण वाचा. काही ठिकाणी बायआउट मॅनेजरच्या मर्जीवर असतो, काही ठिकाणी मूळ पगारावर वसुली होते, काही ठिकाणी भत्त्यांसकट पूर्ण ग्रॉसवर. या दोन हिशोबांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. राजीनामा देऊन झाला असेल तर लास्ट वर्किंग डे सांगा. रिक्रूटरच्या दृष्टीने ३० दिवसांत येऊ शकणारा उमेदवार ९० दिवसांवाल्याच्या बराच पुढे असतो.

फोन कन्सल्टन्सीकडून असेल तर मूळ कंपनी कोणती आणि जागा कुठली ते विचारा, जॉब डिस्क्रिप्शन ईमेलवर मागवा आणि मगच रेझ्युमे पाठवायला हो म्हणा. एकाच कंपनीत एकाच जागेसाठी दोन कन्सल्टन्सींमार्फत नाव गेलं की सिस्टिममध्ये डुप्लिकेट दिसतं. मग ज्याने आधी पाठवलं त्याचं धरतात, किंवा वाद नको म्हणून दोन्ही बाजूला ठेवतात. कुठे, कोणामार्फत, कोणत्या तारखेला रेझ्युमे गेला याची वही ठेवा. एकदा नापास झालेल्याला त्याच कंपनीत पुन्हा घेण्याआधी बऱ्याच ठिकाणी काही महिने थांबवतात, साधारण सहा, तेव्हाही ही वही कामाला येते.

आणि कोणीही पैसे मागितले, मग ती रजिस्ट्रेशन फी असो, लॅपटॉपचं डिपॉझिट असो की ट्रेनिंगचे असोत, तिथेच थांबा. खरी कंपनी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. ऑफर कोणत्या ईमेल पत्त्यावरून आली तेही पाहा: कंपनीचं स्वतःचं डोमेन आहे की फुकटचा जीमेल.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात. दोन पानं पुरेत. तारखा महिना आणि वर्षासकट लिहा, नुसतं "२०२१ ते २०२३" लिहिलं की मधला गॅप लपवलाय असं वाटतं. स्किल्सच्या यादीत जे जे लिहाल ते ते विचारलं जाईल, हे धरूनच चाला. कुबरनेटीस एकदा ट्रेनिंगमध्ये पाहिलं असेल आणि यादीत ते डॉकरच्या शेजारी बसलं असेल, तर पॅनेल नेमकं तिथेच बोट ठेवतं; दोन प्रश्नांत उत्तर संपलं की यादीतल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर शोधतात ते अनुभव, शहर, नोटीस आणि अलीकडे कोण सक्रिय आहे या गाळण्या लावून, त्यामुळे प्रोफाइल अधूनमधून अपडेट करणाऱ्याला फोन जास्त येतात.

पहिला टप्पा बहुधा ऑनलाइन टेस्ट. हॅकररँक किंवा मेटलसारख्या प्लॅटफॉर्मवर ६० ते ९० मिनिटं, दोन कोडिंगचे प्रश्न आणि काही बहुपर्यायी. कॅमेरा चालू असतो, टॅब बदलला की नोंद होते. इथे हमखास चूक होते ती अशी की नमुना म्हणून दिलेला इनपुट चालला की लोक सबमिट करतात. गुण मिळतात ते लपवलेल्या टेस्ट केसेसवर: रिकामी यादी, एकच घटक, ऋण संख्या, खूप मोठा इनपुट. शेवटची दहा मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मग टेक्निकल राउंड, एक किंवा दोन, प्रत्येकी ४५ मिनिटं ते एक तास. पॅनेलवरचा माणूस स्वतःचं काम बाजूला ठेवून आलेला असतो, तुमचा रेझ्युमे त्याने पाच मिनिटांपूर्वी उघडलेला असतो. "स्वतःबद्दल सांगा" हा त्याला वाचायला वेळ मिळावा म्हणूनही विचारलेला प्रश्न आहे. दीड मिनिटात संपवा: किती वर्षं, कोणत्या क्षेत्रातली प्रोजेक्ट्स, सध्या काय करता, कशात हात बसलाय. शाळेपासून सुरुवात करू नका. मात्र पदवीचे टक्के, केटी (राहिलेला विषय) किंवा वायडी (वाया गेलेलं वर्ष) याबद्दल विचारलं तर खरं सांगा, कारण गुणपत्रिका पुढे द्यायच्याच आहेत. सीजीपीएचे टक्के करण्याचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं. आपल्या विद्यापीठाचं अधिकृत सूत्र वापरा, सरळ दहाने गुणू नका.

प्रोजेक्टबद्दल बोलताना मराठी माणसाची एक चांगली सवय आड येते. आपण "आम्ही केलं", "टीमने केलं" असं बोलतो, 'मी' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र हा माणूस नुसता बाजूला उभा होता की काय अशी शंका येते. तो विचारतो, "त्यात तुम्ही काय केलंत?" आणि मग गडबड होते. म्हणून आधीच वाटणी करून ठेवा: टीम आठ जणांची, पेमेंटचा मॉड्यूल माझ्याकडे, त्यातली रिट्रायची व्यवस्था मी लिहिली, डेटाबेसचं डिझाइन आर्किटेक्टचं होतं. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिल्याने तुमच्या वाट्याचं जे आहे ते उलट ठळक होतं. दोन-तीन आकडे पाठ हवेत: रोज किती व्यवहार, टेबलमध्ये साधारण किती ओळी, रिलीज किती आठवड्यांनी.

तांत्रिक प्रश्न कसे खोल जातात ते एका उदाहरणावरून पाहा. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) वर्षानुवर्षं विचारला जाणारा प्रश्न आहे, कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. बहुतेक जण पगार उतरत्या क्रमाने लावून पहिली ओळ सोडतात आणि दुसरी घेतात. उत्तर अर्धं बरोबर आहे. पॅनेल विचारतं, सर्वांत जास्त पगार दोघांचा सारखाच असेल तर? आता दुसरी ओळ पुन्हा पहिल्याच क्रमांकाचा पगार देते. इथे डिस्टिंक्ट (सारखी मूल्यं एकदाच धरणारं) किंवा डेन्स रँक (सारख्यांना एकच क्रमांक, पुढच्याला लगेचचा) आठवायला हवं. कोणी नुसता रँक वापरला तर दोघांना एक क्रमांक मिळतो आणि तिसऱ्याला थेट तीन, म्हणजे दोन नंबर मागितला की काहीच हाती लागत नाही. पुढचा प्रश्न: प्रत्येक विभागातला दुसरा पगार? मग पार्टिशन बाय, म्हणजे विभागवार क्रमांक. त्यापुढे: एखाद्या कंपनीत सगळ्यांचाच पगार सारखा असेल तर तुमच्या क्वेरीतून काय येईल, रिकामं उत्तर (एकही ओळ नाही) की नल (ओळ आहे, मूल्य नाही)? डिस्टिंक्ट लावून ऑफसेटने (पहिली ओळ सोडून) काढलं असेल तर रिकामं येतं. सर्वाधिकाहून कमी असलेल्यांतला सर्वाधिक, अशी क्वेरी लिहिली असेल तर नल येतं. या चार पायऱ्या चढताना तुम्ही मोठ्याने विचार करताय का, चूक दाखवल्यावर ती तुमची तुम्हाला सापडते का, हे पाहिलं जातं. पहिल्याच फटक्यात डेन्स रँक लिहिणारा आणि रँकशी त्याचा फरक सांगू न शकणारा उमेदवार पॅनेलला लगेच ओळखू येतो.

जावाच्या हॅशमॅपचंही (की देऊन मूल्य शोधायची रचना) तसंच. १६ बकेट (कप्पे), ०.७५ लोड फॅक्टर (किती भरल्यावर कप्पे वाढवायचे), जावा ८ पासून लांब साखळीचं झाड होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. "तुमच्या कीचा हॅशकोड नेहमी १ च परत करत असेल तर मॅप चालेल का?" असं विचारलं की पाठांतर संपतं. चालेल, पण सगळं एकाच बकेटमध्ये जाईल आणि शोध मंदावेल, एवढंच उत्तर हवं असतं.

येत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही" म्हणा आणि त्याच्या जवळचं जे वापरलंय ते सांगा. गोल गोल बोलण्यात जी सहा मिनिटं जातात त्यात तुम्हाला येणारे दोन प्रश्न विचारून झाले असते.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सगळ्यात जास्त असते, आणि ती हळूहळू कमी होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. पॅनेलला वक्तृत्व नको असतं. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. आपल्या प्रोजेक्टचं वर्णन इंग्रजीत दहा वेळा मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. तिसऱ्या वेळेपासून अडखळण्याच्या जागा कळायला लागतात. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. परदेशी क्लायंटशी रोज बोलावं लागणारी जागा असेल तर इंग्रजीचं वजन वाढतं, आणि हे रिक्रूटरला पहिल्याच फोनवर विचारता येतं.

आता बहुतेक राउंड व्हिडिओवर होतात. सुरुवातीला पॅन किंवा आधार कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात, काही ठिकाणी स्क्रीनशॉट घेतात. दुसऱ्यालाच मुलाखतीला बसवण्याचे प्रकार घडलेत म्हणून हे आलं. नजर सतत बाजूला जाणं, प्रश्नानंतर दर वेळी सारखाच थांबा, मग एकदम पुस्तकी वाक्यं, ही उत्तरं वाचून दाखवण्याची खूण पॅनेलला चांगलीच कळते, आणि एआयच्या टूलवरून वाचलेलं तर शब्दरचनेवरूनच ओळखू येतं. तुम्ही प्रामाणिकपणे विचार करत असाल तर तसं बोला, "एक मिनिट विचार करतो." वायरचा हेडफोन वापरा. स्क्रीन शेअर करण्यापूर्वी ऑफिसचा चॅट आणि नोकरीच्या पोर्टलचे टॅब बंद करा. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुलाखत देऊच नका. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्या दिवशीचा स्लॉट मिळाला तर महावितरणचा मेसेज पाहून ठेवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासा. घरात दुसरी खोली नसेल तर तसं सुरुवातीलाच सांगावं. मागून कुकरची शिट्टी आली म्हणून कोणी नापास झालेलं नाही.

शनिवारच्या वॉक-इन ड्राइव्हला प्रत्यक्ष जावं लागतं. कंपनीचं नाव तेच असलं तरी कॅम्पस दोन-तीन असतात. पत्त्यात फेज १, २ की ३, ते नीट वाचा. फेज ३ ला जायचं आणि फेज १ च्या गेटवर उतरलं की अर्धा तास गेलाच. गेटवर फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो सिक्युरिटी बऱ्याचदा मान्य करत नाही. बॅगेत लॅपटॉप असेल तर त्याचा सीरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतात, परत निघताना तोच तपासतात. पेन ड्राइव्ह घरीच ठेवा. रेझ्युमेच्या तीन प्रती, पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला जवळ असू द्या. नऊला बोलावलं तरी तिसरा राउंड दुपारी चारला लागतो आणि पोटात काही नसलं की सोपी उत्तरंही सुचत नाहीत.

मॅनेजरच्या राउंडमध्ये प्रश्न साधे दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) बंद पडलं, तुम्ही एकटे आहात, काय कराल? अपेक्षित क्रम असा: आधी कळवणं, मग सेवा पूर्ववत करणं, गरज पडली तर शेवटचा रिलीज मागे घेणं, मूळ कारण नंतर. जो थेट कोड डीबग करायला बसतो त्याचं उत्तर मॅनेजरला पटत नाही. शिफ्ट, ऑन-कॉल आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिस, हे इथेच स्पष्ट विचारून घ्या. एचआरपेक्षा मॅनेजरचं उत्तर खरं असतं. काही जागांवर यानंतर क्लायंटचाही राउंड असतो, आणि कंपनीत पास होऊनही तिथे अडू शकतं.

एचआर राउंडमध्ये ती पहिली ओळ परत उघडते. नोकरी सोडण्याचं कारण पहिल्या फोनवर "घराजवळ हवी" आणि इथे "ग्रोथ नाही" असं झालं तर खटकतं. गॅपबद्दल महिने सांगून मोकळं व्हा: मार्च ते सप्टेंबर, वडिलांचं आजारपण. लांबण लावलं की संशय वाढतो. बायकांना लग्न आणि मूल यांबद्दल अजूनही विचारलं जातं आणि ते चूक आहे. "कामाची वेळ आणि ठिकाण मला मान्य आहे" एवढं उत्तर पुरे, त्यापुढे काही सांगायची सक्ती नाही.

मग पगार. इथे नीट थांबा, कारण सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांत लोक फसतात. समजा ऑफर १० लाखांची आहे. बाराने भागलं की ८३,३३३ येतात आणि त्या हिशोबाने घराचा हप्ता ठरतो. आता फोड पाहा. १ लाख व्हेरिएबल, तो वर्षाच्या शेवटी आणि कंपनीच्या कामगिरीवर. उरले ९ लाख. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे ४,५०,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, २१,६४५ रुपये. ती सीटीसीत दाखवतात पण नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षांआधी सोडलं तर मिळत नाही. विम्याचा हप्ता समजा १२,००० रुपये. कंपनीचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर महिना १,८००, वर्षाला २१,६००. हे सगळं वजा जाऊन ८,४४,७५५ राहतात, महिना ७०,३९६. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर २०० गेले की हातात ६८,३९६. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० असतो. आयकर यात शून्य धरलाय, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वर मिळते.

आता हीच १० लाखांची ऑफर, पण दुसऱ्या कंपनीत पीएफ पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के. कंपनीचा वाटा वर्षाला ५४,०००, तुमचा तेवढाच. हातात येतात सुमारे ६३,०००. महिन्याला ५,४०० चा फरक, आणि दोन्ही ऑफर कागदावर सारख्याच. दुसरी वाईट आहे असं नाही, ते पैसे तुमच्याच पीएफ खात्यात साठतात. पण घरभाडं आणि हप्ता हातातल्या रकमेतून जातो. म्हणून तोंडी आकड्यावर हो म्हणू नका, पूर्ण फोड ईमेलवर मागा आणि तीन गोष्टी विचारा: व्हेरिएबल किती आणि कधी, पीएफ मर्यादेवर की पूर्ण मूळ पगारावर, जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत द्यायचा. आणखी एक, नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यावर वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे मूळ पगार फारच कमी दाखवलेली फोड दिसली तर ती पुढे बदलणार आहे का, हे विचारून घ्यावं.

शेवटच्या राउंडनंतर उत्तर यायला चार दिवस ते तीन आठवडे लागतात. एक आठवडा झाल्यावर एक ईमेल, मग पुन्हा आठवड्याने एक फोन. रोज फोन करून काही हलत नाही. "होल्डवर आहे" याचा अर्थ बहुधा बजेट किंवा जागा अडकली आहे, तुमच्यात खोट निघाली असं नाही. दुसरीकडे बोलणी चालू ठेवा.

आणि हे कळकळीने सांगायचं आहे: तोंडी ऑफरवर किंवा लेटर ऑफ इंटेंटवर (ऑफर देण्याचा नुसता इरादा सांगणारं पत्र) राजीनामा देऊ नका. सीटीसीची फोड, पद, ठिकाण आणि जॉइनिंगची तारीख असलेलं ऑफर लेटर हातात आल्यावर, ते स्वीकारल्याचा ईमेल गेल्यावरच राजीनामा. लेटर ऑफ इंटेंटनंतर जागा रद्द झालेले लोक घरी बसलेले आम्ही पाहिलेत.

ऑफरनंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. शिक्षण, मागच्या नोकऱ्या, पत्ता, न्यायालयीन नोंदी, आणि अलीकडे सगळ्यात निर्णायक म्हणजे पीएफची सर्व्हिस हिस्टरी. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर तुमच्या यूएएनखाली (पीएफचा कायमचा क्रमांक) प्रत्येक कंपनीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिसते. रेझ्युमेतून गाळलेली तीन महिन्यांची नोकरी इथे उभी राहते, आणि ती लपवली म्हणून ऑफर मागे घेतली जाते. आधी सांगितली असती तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून रेझ्युमे लिहितानाच ही नोंद उघडून तारखा जुळवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीने ती स्वतः भरता येते. विकत मिळणारी अनुभवपत्रं याच ठिकाणी उघडी पडतात: पत्र असतं, स्लिप असते, पण पीएफची ओळ नाही, बँकेत पगार नाही, फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची कराची नोंद) टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर नाही.

नावाची गफलत आपल्याकडे खास आहे. बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी मधलं नाव नुसतं अद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचं आधार नव्या नावाने, पदवी जुन्या नावाने आणि यूएएन तिसऱ्याच रूपात. क्रम वेगळा असणं चालून जातं, अक्षरं वेगळी असली की फाइल थांबते. लग्नाच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुधा पुरतं. पूर्ण नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा ते काम नोकरी शोधायला लागण्याआधीच सुरू करावं. पदवी प्रमाणपत्र काढलं नसेल, नुसत्या शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवर भागवत आला असाल, तर तेही.

नोटीसच्या काळात नव्या कंपनीला आठवड्या-दोन आठवड्यांनी एक ईमेल करत राहा: राजीनामा मंजूर झाला, लास्ट वर्किंग डे अमुक. ती मंजुरी लेखी मागून घ्या आणि ती ऑफिसच्या मेलबॉक्समध्येच राहणार नाही हे पाहा, कारण शेवटच्या दिवशी तो बंद होतो. सॅलरी स्लिपा, इन्क्रिमेंट लेटरं, फॉर्म १६ लॅपटॉप जमा करण्याआधीच उतरवून घ्या. रिलीव्हिंग लेटर हिशोब पूर्ण झाल्यावर, कधी कधी महिन्याने येतं. जॉइनिंगच्या दिवशी राजीनामा मंजुरीचा ईमेल चालतो का, हे नव्या एचआरला आधीच विचारा.

पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म ११ समोर येतो. त्यात जुनाच यूएएन लिहा. "आठवत नाही" म्हणून नवा काढला तर दोन खाती एकत्र करण्यात महिने जातात. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे वजावट आणि करमुक्त टप्पे वेगवेगळे धरले जातात आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना फरकाचा कर एकदम भरावा लागतो. मूळ प्रमाणपत्रं पाहून परत देतात, ती कंपनीकडे ठेवायला देऊ नका.